बाबांची नळी काढली कुणी?

कृष्णाकाठची | 6 एप्रिल, रात्री 10.40

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हे लिहू की नको, करत आठ महिने गेले.

माझे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तासगाव डेपोतून निवृत्त झाले. वय 76. बीपीच्या गोळ्या मनाला येईल तेव्हा घ्यायचे. मागच्या ऑगस्टमध्ये सकाळी पूजेची फुलं काढताना अंगणात पडले. मिरजेला नेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत मोठा रक्तस्राव निघाला. रात्री श्वास अडखळायला लागला, तेव्हा आयसीयूच्या दारात एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. "नळी घालावी लागेल, व्हेंटिलेटरवर घेतोय, सही करा." मी विचारलं, नाही घातली तर? ते म्हणाले, "मग काही सांगता येत नाही." भावानं सही केली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. पेन डॉक्टरांचं होतं, गडबडीत भावाच्या खिशात राहिलं. अजून टीव्हीच्या कपाटावर पडलंय, त्याला कुणी हात लावत नाही.

नंतर अकरा दिवस. सकाळी 11 ला दहा मिनिटं, संध्याकाळी 5 ला दहा मिनिटं. चपला बाहेर, हिरवा डगला आत. पहिल्या दिवशी मी शेजारच्या कॉटपाशी जाऊन उभी राहिले, कारण बाबा ओळखूच आले नाहीत. नळीची पट्टी नीट चिकटावी म्हणून मिशी काढली होती. बिनमिशीचे बाबा मी जन्मात पाहिले नव्हते.

नवव्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले की तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, गळ्याला छिद्र पाडून तिथून घालू. शुद्धीवर येतील का? "चान्सेस कमी." किती कमी? "तसं आकड्यात सांगता येत नाही." अकराव्या दिवशी त्याच डॉक्टरांनी आम्हाला जिन्यापाशी बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझे वडील असते, तर मी आता घरी नेलं असतं. न्या, सेवा करा." आम्ही बरं म्हटलं. अर्ध्या तासानं काउंटरवर जो कागद पुढे आला, त्यावर छापलं होतं की आम्ही रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत. या वेळी सही माझी.

अँब्युलन्समध्ये वॉर्डबॉय अंबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत होता. विशीतला पोरगा. बुधगाव गेल्यावर त्यानं हात बदलला. कवठे एकंदला परत बदलला. घरी सोप्यात कॉट मांडून ठेवली होती, आईनं गंगाजल आणि तुळस काढून ठेवली होती, सगळी गल्ली गोळा झालेली. बाबांना कॉटवर घेतलं. पोरगा बॅग दाबतच होता. मग त्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "काढू?"

कुणीच बोललं नाही. आई भावाकडं बघत होती, भाऊ माझ्याकडं, मी बॅगेकडं. शेवटी शेजारचे काका म्हणाले, "काढ बाबा, तुझाबी हात दुखत असंल."

पुढे चाळीस मिनिटं लागली.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. मेडिक्लेम सातव्या दिवशी संपला होता. त्यानंतर रोजचे पंचवीस-तीस हजार भाऊ एफडी मोडून भरत होता. लोकांना आम्ही सांगतो, बाबांचे हाल बघवेनात म्हणून घरी आणलं. ते खोटं नाही. पण मेडिक्लेम दहा लाखांचा असता तर अकराव्याच दिवशी आणलं असतं का, हे मी आणि भाऊ एकमेकांना विचारत नाही.

मशीन लावायला दोन मिनिटं आणि एक सही. काढायला जिन्याखालची कुजबुज, खोटा कागद आणि शेजारचे काका. असंच असतं का सगळीकडे? आई आता 71 ची आहे. तिच्यासाठी आधीच काही करून ठेवता येतं का?

चहाबिस्किट | 6 एप्रिल, रात्री 11.05

काय लिहू कळत नाही. रुमाल टाकून ठेवतो.

उगाच_एक | 6 एप्रिल, रात्री 11.32

तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण स्कॅन एवढा वाईट होता म्हणजे ते ब्रेन डेडच असणार. मग तुम्ही कुणी काही केलंच नाही. मेलेल्या माणसाची नळी काढली, इतकंच. उगाच मनाला लावून घेऊ नका.

आयसीयूवाला | 7 एप्रिल, पहाटे 2.15

रात्रपाळी चालू आहे, मधेच उठावं लागलं तर उरलेलं उद्या.

@उगाच_एक, धीर द्यायला लिहिलंत हे कळतं, पण ते ब्रेन डेड नव्हते. असते तर चाळीस मिनिटं लागली नसती, ते स्वतः श्वास घेत होते. मेंदूचं खोड मेलं की व्हेंटिलेटर थांबवल्यावर छाती हलतच नाही. तीच तर चाचणी असते. आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर मिळून ती करतात, सहा तासांच्या अंतरानं दोनदा. धागाकर्तीच्या बाबांचा मेंदू बराचसा गेला होता, सगळा नाही. नैतिक पेच सगळा या "सगळा नाही" मध्ये आहे. ब्रेन डेडमध्ये पेच कमी, कागदपत्रं जास्त.

हा प्रश्न फार जुना नाही. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुलं मरत होती आणि हॉस्पिटलात यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवीनं हातानं हवा भरली. मुलगी जगली. मग हे सगळ्यांना करायचं ठरलं आणि पिशव्या दाबायला माणसं हवीत म्हणून वैद्यकीय विद्यार्थी बोलावले. सुमारे 1500 पोरांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने हातानं पिशव्या दाबल्या. मृत्यू झपाट्यानं कमी झाले आणि जगातल्या आयसीयूंची सुरुवात तिथून झाली. तुमच्या अँब्युलन्समध्ये होती ती पिशवीही डेन्मार्कचीच, 1956 ची.

तुमचा तो वॉर्डबॉय वाचला आणि मला ती पोरं आठवली. काम तेच, हात बदलणंही तेच. फक्त त्यांना "काढू?" असं विचारायची वेळ शक्यतो येऊ नये म्हणून ती दाबत होती.

बेल वाजतेय. जातो.

आयसीयूवाला | 7 एप्रिल, सकाळी 8.50

उरलेलं. जिन्यापाशी बोलणारा तो डॉक्टर मीही आहे. तुमचा नाही, पण माझ्या गावात मीच तो. "सेवा करा" हे शब्द मी किती वेळा उच्चारले असतील, मोजदाद नाही. आमच्या धंद्यात त्याला डामा (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस) म्हणतात. कागदावर रुग्ण आमच्या सल्ल्याविरुद्ध जातो आणि निम्म्या वेळा सल्ला आमचाच असतो.

का करतो? पहिलं कारण भीती. आज "काढा" म्हणणारा मुलगा तेराव्यानंतर मुंबईहून आलेल्या चुलत्याच्या सांगण्यावरून पोलिसांत जाऊ शकतो. दुसरं कारण आळस, हे कबूल करतो. कायदेशीर मार्ग आहे, पण त्यासाठी हॉस्पिटलनं बोर्ड नेमायला लागतं, बैठक घ्यायला लागते, लिहायला लागतं. डामाला एक सही पुरते. आणि तिसरं, जे मला सर्वांत टोचतं: घरी गेल्यावर शेवटच्या तासात त्या माणसाला धाप लागते, घरघर लागते, तेव्हा जवळ मॉर्फिन नसतं, डॉक्टर नसतो, गल्ली असते. हॉस्पिटलात नळी काढली असती तर आधी औषध देऊन, घरच्यांना जवळ बसवून काढता आली असती.

काळाकोट | 7 एप्रिल, दुपारी 1.20

कोर्टात तारखेची वाट बघत टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

कायदेशीर बाजू. धागाकर्तीच्या घरी जे झालं ते हॉस्पिटलातच, उघड आणि खऱ्या कागदावर करता आलं असतं. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, सुधारण्याची आशा नसेल तर जीव लांबवणारे उपचार थांबवता येतात आणि त्यासाठी आधी लिव्हिंग विल (कोणते उपचार नकोत याचं, शुद्धीत असताना लिहिलेलं इच्छापत्र) करून ठेवता येतं. पण प्रक्रिया अशी घातली होती की वाचतानाच माणूस दगावावा. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, मग हॉस्पिटलचं बोर्ड, मग कलेक्टरनं नेमलेलं बोर्ड, मग न्यायदंडाधिकारी स्वतः कॉटपाशी येऊन बघणार. पाच वर्षं तो निकाल बराचसा कागदावरच राहिला.

24 जानेवारी 2023 ला न्यायालयानं स्वतःच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. हॉस्पिटलचं पहिलं बोर्ड म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. दुसरं बोर्डही हॉस्पिटलच नेमतं, त्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर. दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. आणि हे महत्त्वाचं: लिव्हिंग विल केलेलं नसलं, तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं हाच मार्ग उघडा असतो. तुम्हाला तो कुणी सांगितला नाही, इतकंच.

कागद करून कपाटात ठेवला तर वेळेला सापडत नाही. म्हणून त्याची एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची आहे. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते, त्यानंतर नेमणुका झाल्या. गोव्यात मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं. न्यायाधीशच रांगेत पहिले उभे राहिले हे मला आवडलं.

आणि हो, वर कुणी म्हटलं नाही पण म्हणायच्या आत सांगते: हे दयामरण नव्हे. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. इथे रोगाला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं जातं.

उगाच_एक | 7 एप्रिल, दुपारी 2.02

म्हणणारच होतो :)

वकीलबाई, शब्द बदलल्यानं कृती बदलते का? नळी काढली नसती तर ते त्या दिवशी गेले नसते. काढली म्हणून गेले. मी धागाकर्तीला दोष देत नाहीये. पण "मारलं नाही, मरू दिलं" हा फरक मला वकिली वाटतो.

दुसरं. आमच्या तालुक्यात सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून जिवंत म्हातारीला मयत दाखवणारे महाभाग आहेत. अशा पोरांच्या हातात "नातेवाइकांची संमती" द्यायची? ऊस गेला, पैसे आले, आता म्हातारा अडचण. 48 तासांत दोन बोर्डं काय शोधून काढणार आहेत?

आयसीयूवाला | 7 एप्रिल, दुपारी 4.30

दुसरा मुद्दा मान्य, शंभर टक्के. फक्त त्याचं उत्तर उलटं आहे. लोभी पोराला आज डामाच सोयीचा पडतो. तिथे ना बोर्ड, ना प्रश्न. रुग्ण सुधारण्यासारखा असला तरी "पैसे नाहीत, नेतो" म्हटलं की आम्ही अडवू शकत नाही. बोर्डामुळे निदान तीन वेगळी डोकी त्या स्कॅनकडे बघतात.

पहिल्या मुद्द्यावर: पुस्तकं म्हणतात की न लावणं आणि लावून काढणं यात नैतिक फरक नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी स्वतःच्या हातानं नॉब फिरवला असेल का, मला शंका आहे. हाताला फरक कळतो. पण त्या फरकाची किंमत अशी होते की काही डॉक्टर नळी घालायलाच बिचकतात, कारण एकदा घातली की काढता येणार नाही. मग जो कदाचित वाचला असता तोही जातो.

परळकर_सिस्टर | 7 एप्रिल, रात्री 9.15

मी परळच्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं काढली, आता बदलापूरला असते. अरुणाचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं.

नव्या पोरांसाठी सांगते. अरुणा शानबाग, परळच्या केईएम हॉस्पिटलची नर्स, मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर 42 वर्षं ती केईएममध्येच होती. 18 मे 2015 ला न्यूमोनियानं गेली.

लोकांना वाटतं ती मशीनवर होती. मशीन नव्हतंच. ती स्वतः श्वास घेत होती, भरवलं की गिळत होती. कोर्टानं पाठवलेल्या डॉक्टरांनी लिहिलंय की मासे आवडायचे तिला, चेहऱ्यावर दिसायचं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून अंगावर बेडसोअर नाही. ज्यांनी कुणाची पाठ पुसलीय त्यांनाच याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, बेचाळीस वर्षं. बॅचेस बदलल्या, मेट्रन बदलल्या, कूस बदलणं थांबलं नाही.

पत्रकार-लेखिका पिंकी विराणींनी तिचं भरवणं थांबवावं म्हणून अर्ज केला, तेव्हा केईएमच्या नर्सेस उभ्या ठाकल्या की ती आमची आहे. 7 मार्च 2011 ला कोर्टानं अर्ज फेटाळला, नर्सेसनी मिठाई वाटली. पण त्याच निकालात कोर्टानं हेही म्हटलं की हायकोर्टाच्या परवानगीनं उपचार थांबवता येतील. म्हणजे दार उघडलं अरुणाच्या नावानं, आणि तिला स्वतःला त्या दारातून जाऊ दिलं नाही. आम्ही नर्सेस त्या वेळी खूश होतो. मी पण होते.

आता 68 ची आहे. मला कुणी 42 वर्षं कूस बदलून ठेवावं असं वाटतं का? नाही. पण तेव्हाच्या आम्ही चुकलो असंही मला म्हणता येत नाही. ज्यांचे हात रोज लागतात त्यांना सोडवत नाही.

नाना_वाई | 8 एप्रिल, सकाळी 7.10

सिस्टर, दंडवत.

मला यात एक गंमत वाटते (शब्द चुकला असेल तर माफी). आपल्याकडे हा प्रश्न परदेशातून आला असं समजतात. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं, 15 तारखेला देह ठेवला. सावरकरांनी 1966 च्या फेब्रुवारीत तेच केलं, 26 तारखेला गेले. विचारानं दोन टोकांची माणसं, मरणाच्या बाबतीत एकमत. जैनांची सल्लेखना (अन्नत्याग करून देह ठेवणं) तर शतकानुशतकांची. 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं तिला आत्महत्या ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं महिनाभरात त्याला स्थगिती दिली.

मुंबईत मिनू मसानींनी 1981 सालीच सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. 1985 मध्ये सदानंद वर्दे यांनी राज्याच्या विधान परिषदेत खासगी विधेयक आणलं. पास झालं नाही, पण चर्चा आपल्याच सभागृहात झाली होती. आपण विसरलो.

आयसीयूवाला | 8 एप्रिल, सकाळी 9.40

नाना, माहितीबद्दल आभार, वर्दे यांचं माहीत नव्हतं. पण विनोबा शुद्धीत होते. स्वतः तोंड मिटलं. आमच्याकडे येणाऱ्याच्या तोंडात नळी असते, तो मिटणार कसं? प्रायोपवेशन हा माणसाचा निर्णय. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा निर्णय तिसऱ्याला घ्यावा लागतो, ही नवी भानगड यंत्रानं आणली.

टेक्नोगोंद्या | 8 एप्रिल, सकाळी 10.05

एआयला विचारा ना मग. सगळा डेटा घाला, टक्केवारी येईल. माणसांचा घोळच नको.

आयसीयूवाला | 8 एप्रिल, सकाळी 10.20

टक्केवारी 1981 पासून आहे, त्याला अपाची स्कोअर म्हणतात. शंभर पेशंटांमधले किती जातील हे तो बरं सांगतो. समोरच्या कॉटवरचा त्या शंभरांतला कितवा, हे नाही सांगत. आणि समजा उद्या एआयनं सांगितलं, 94 टक्के. उरलेल्या सहांचं काय करायचं हे तुम्ही सांगणार की मी?

सिंहगडरोड_रहिवासी | 8 एप्रिल, दुपारी 12.45

त्या सहांमधला एक आमच्या घरात आहे म्हणून लिहितोय. इथला एकूण सूर बघून जरा अस्वस्थ झालो.

2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली होती, आमच्याच भागात जास्त. भाचा 19 वर्षांचा. पोट बिघडलं, मग पायात मुंग्या, चार दिवसांत मानेखाली काही हलेना. 31 दिवस व्हेंटिलेटर. गळ्याला छिद्र पाडलं. आम्हालाही विसाव्या दिवशी नातेवाइकांनी सांगितलं की पोराचे हाल थांबवा. आज तो कॉलेजला जातो. जिना चढताना कठडा धरतो, गळ्यावर खूण आहे, बाकी ठीक. आवाज थोडा घोगरा झालाय, तर म्हणतो मुलींना आवडतो.

तेव्हा मशीनला खलनायक करू नका प्लीज. कुणाच्या घरी हा धागा वाचून चौथ्या दिवशी घरी आणायचे.

आयसीयूवाला | 8 एप्रिल, दुपारी 3.10

तुमचा प्रतिसाद फार गरजेचा होता. जीबीएसमध्ये मेंदू शाबूत असतो, बिघाड नसांमध्ये. तिथे मशीन म्हणजे नसा सुधारेपर्यंतचा पूल, आणि महिना-दोन महिने लागले तरी तो टिकवायचा असतो. मोठ्या रक्तस्रावात पूल बांधतोय, पण पलीकडे काठ आहे का हे पहिल्या रात्री खरंच माहीत नसतं.

म्हणून आता काही जण वेगळं बोलून बघतात. मीही सुरू केलंय. नळी घालण्यापूर्वीच सांगायचं: आपण हे सात दिवसांसाठी करून बघतोय. सातव्या दिवशी तुम्ही आणि मी खुर्चीवर बसून (जिन्यात नाही) बोलणार. सुधारणा असेल तर पुढे, नसेल तर काय करायचं तेव्हा ठरवू. मुदत ठरवून केलेला प्रयत्न. मिनिटं दोनची पाच होतात. पण पुढे काढायची वेळ आली तर कुणाला अचानक धक्का बसत नाही, कारण ते पहिल्याच दिवशी बोलण्यात आलेलं असतं. हे मी आधी पंधरा वर्षं का केलं नाही, याला उत्तर नाही.

उत्रेख्तकर | 8 एप्रिल, संध्याकाळी 7.30

नेदरलँड्सहून. इथे 1 एप्रिल 2002 पासून इंजेक्शनचं मरणही कायदेशीर आहे. असह्य वेदना, सुधारण्याची आशा नाही, माणसानं स्वतः विचारपूर्वक मागितलेलं हवं, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत हवं, आणि नंतर समिती तपासते. आमच्या शेजारच्या आजोबांनी कॅन्सरमध्ये तारीख ठरवून घेतली आणि आदल्या रविवारी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. मी केक नेला. काय बोलायचं कळेना म्हणून त्यांच्या ट्युलिपच्या कंदांबद्दल बोलले. त्यांनी मला कंद दिले, ऑक्टोबरात लाव म्हणाले.

पण इथेही गाडी अडते. 2016 मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या एका बाईंनी पूर्वी लिहून ठेवलं होतं म्हणून डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. आधी कॉफीत गुंगीचं औषध घातलेलं. ऐनवेळी बाई उठून बसायला लागल्या, तेव्हा घरच्यांनी त्यांना धरलं. खटला झाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरला निर्दोष ठरवलं, लिहिलेला कागद ग्राह्य धरला. म्हणजे कागद लिहिणारी बाई आणि उठून बसणारी बाई यात कागदवाली जिंकली. मला हे पचलेलं नाही. तुम्ही लिव्हिंग विल कराल तेव्हा हे डोक्यात असू द्या. लिहिताना आपण जे असतो तेच तेव्हा असू असं नाही.

काळाकोट | 8 एप्रिल, रात्री 8.15

म्हणूनच शुद्धीत आहोत तोवर ते कधीही, लेखी, रद्द करता किंवा बदलता येतं. दर दोन-तीन वर्षांनी काढून वाचावं असं मी अशिलांना सांगते. बहुतेक जण प्रॉपर्टीचं मृत्युपत्र दहा वेळा बदलतात, हे एकदाही नाही.

उगाच_एक | 8 एप्रिल, रात्री 10.50

@सिस्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझं "वकिली फरक" हे वाक्य मागे घेत नाही, पण जरा खाली ठेवतो.

@कृष्णाकाठची, तुम्ही कुठे आहात? धागा काढून गायब.

कृष्णाकाठची | 11 एप्रिल, रात्री 11.10

इथेच आहे. सगळं वाचत होते, लिहायचं धाडस होत नव्हतं. आयसीयूवाले डॉक्टर, तुमची जिन्याची कबुली भावाला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. पण दुसऱ्या दिवशी ते पेन टीव्हीवरून हललेलं होतं.

काल तासगावला गेले होते. आईसाठी काळाकोट यांनी सांगितल्यासारखा कागद करायचा असं मनात धरूनच गेले. बाबांचं सगळं बघितल्यावर ती "मला नळ्या नकोत" म्हणणार हे मी धरूनच चालले होते, मसुदासुद्धा तसाच टाइप करून नेला होता. आई मेथी निवडत बसली होती. मी वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुझं झालं. माझं कुठं हाय यात?"

मग म्हणाली, "मला लाव की मशीन. एवढं काढलंय डॉक्टर लोकांनी ते कशाला काढलंय?"

मी म्हटलं, अगं पण बाबांचं बघितलंस ना?

"बघितलं म्हणूनच म्हणते. ते गेले तवा सौरभ विमानात होता." (सौरभ माझा भाचा, जर्मनीत असतो. अँब्युलन्स निघाली तेव्हा तो फ्रँकफर्टहून निघाला होता.) "पोराला आजोबाचं त्वांड दिसलं न्हाई, ते पण मिशी नसलेलं फोटोत दिसलं. मला लाव. आठ दिवस ठेव, पंधरा दिवस ठेव, सगळी येऊन जाऊ देत. मग सगळ्यांच्या म्होरं काढा, डॉक्टरला सांगून काढा, त्या पोराला विचारायला लावू नका."

ती मुदतीच्या प्रयत्नाबद्दलच बोलत होती, आणि तिनं हा धागा वाचलेला नाही.

@काळाकोट, असं लिहिता येतं का? पंधरा दिवस, सगळे येईपर्यंत?

काळाकोट | 12 एप्रिल, सकाळी 9.05

उपचार केव्हा थांबवायचे, कोणत्या परिस्थितीत, हे नक्की लिहिता येतं. "इतके दिवस लावाच" ही सक्ती डॉक्टरांवर होत नाही, उपयोग आहे का हे तेच ठरवतील. पण तिची इच्छा म्हणून तिच्याच शब्दांत लिहा, माझ्या भाषेत करू नका. तिच्या वतीनं बोलणाऱ्याचं नाव घालावं लागेल, एकापेक्षा जास्त नावं चालतात. तुमचं आणि भावाचं घाला.

कृष्णाकाठची | 12 एप्रिल, रात्री 9.50

फोनवर विचारलं. म्हणाली, "तुमची दोघांची नको. तू रडत बसशील आणि ह्यो गॅलरीत जाऊन उभारेल. सूनबाईचं घाल, ती विचारेल नीट."

मंगळवारी नोटरीकडे जायचंय. वहिनीला अजून कुणी सांगितलेलं नाही.